नवा खेळ आणि जुनी सोंगे

गेल्या शिगम्यात वाळपईला बहिणीच्या घरी जेवणे आटोपून आम्ही झर्म्याला रणमाले पाहावयास निघण्याच्या तयारीत होतो. कॉलेजात शिकणारी आमची भाची मात्र मोबाईल हाती धरून ओटीवर बसली होती. पडद्यावर एक हिरवागार मुलूख पसरलेला, आणि त्यात एक इवलीशी आकृती कडा चढून वर जात होती. उशीर होत असल्याची आठवण दिली, तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, "मामा, इल्लें रावात. असलो खेळ आदीं केन्नाच नाशिल्लो."

थांबण्यास आमची हरकत नव्हती. हरकत होती ती त्या दुसऱ्या वाक्याला. 'पूर्वी कधीच नव्हता' हा साधा उद्गार नव्हे, तो दावा आहे, आणि दावा कानी पडला की तो तपासून पाहिल्याशिवाय वकिलाला चैन पडत नाही. त्या रात्री गाडीत आणि पुढे कित्येक दिवस आम्ही ही तपासणी करीत राहिलो. तिच्यात जे सापडले ते आमच्या देवळांशी आणि गावांशी इतके निगडित निघाले की, ते या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

खेळाचे नाव 'गेन्शिन इम्पॅक्ट'. शांघायच्या मिहोयो या कंपनीने तो २८ सप्टेंबर २०२० रोजी जगभर खुला केला. ही कंपनी २०१२ मध्ये विद्यापीठातील तीन मित्रांनी काढलेली. खेळ महाजालावर चालतो आणि खेळावयास पैसे पडत नाहीत. खेळणारा त्यात एका प्रवाशाचे रूप घेतो. त्याचे जुळे भावंड एका अनोळखी देवतेने हिरावून नेलेले असते, आणि त्याच्या शोधात तो 'तेय्वात' नावाच्या सात राज्यांच्या भूमीत हिंडतो. प्रत्येक राज्याची एक अधिदेवता, प्रत्येकीचे एक तत्त्व. वाटेत भेटणारी पात्रे आपल्या संघात घ्यायची आणि त्यांच्या रूपाने लढायचे. अशा खेळाला जगात 'भूमिका करण्याचा खेळ' म्हणतात. आमच्याकडे त्याला एक सुटसुटीत शब्द आहे: सोंग.

आता दावा. आपल्या देशाचा १९७० चा पेटंट कायदा कोणत्या गोष्टीस शोध म्हणावे हे सांगतो: वस्तू किंवा पद्धती नवी हवी, तीत त्या विषयाच्या जाणकारालाही सहज न सुचणारी अशी एक पायरी हवी, आणि ती उद्योगात वापरता येण्याजोगी हवी. त्याच कायद्याचे तिसरे कलम कशाला शोध म्हणू नये याची यादी देते. त्या यादीत नुसती संगणकाची आज्ञावली आहे, नाट्यकृती आहे, आणि 'खेळ खेळण्याची पद्धती' हीही आहे. म्हणजे आमच्या भाचीचा दावा आपल्याकडच्या पेटंट कचेरीत दारातच अडला असता. जपान व अमेरिकेत गोष्ट निराळी. तेथे खेळांतील युक्त्यांवरही पेटंटे मिळतात, आणि २०२४ च्या सप्टेंबरात निन्टेन्डो कंपनीने एका लहान कंपनीवर अशाच युक्त्यांसाठी टोकियोच्या न्यायालयात दावा लावला. असो. आम्हांला येथे हक्क कोणाला द्यावा हे ठरवावयाचे नाही. नवे कोणते आणि जुने कोणते एवढेच पाहावयाचे आहे. त्यासाठी कायद्याची कसोटी मात्र उपयोगी आहे: नावीन्याचा दावा आला की त्याच्या आधी काय ज्ञात होते ते आधी शोधावे.

जाहीर ओरड झाली ती लगेच मागल्या पिढीवरून. निन्टेन्डोचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ मार्च २०१७ मध्ये निघाला होता. कोणताही कडा चढावा, छत्रीसारखे काही उघडून दरीवर तरंगावे, गवत पेटवून शत्रूला हटवावे, ही त्याची करामत. २०१९ मध्ये मिहोयोने आपल्या खेळाची पहिली चित्रे दाखवली, तेव्हा ती त्याचीच नक्कल असल्याचा एवढा गिल्ला झाला की, शांघायच्या खेळप्रदर्शनात एका संतप्त रसिकाने आपले खेळयंत्र भर गर्दीत फोडून टाकले. त्या खेळापासून आपण स्फूर्ती घेतली हे कंपनीनेही नाकारले नाही.

पण खरा वंश याहून फार जुना आहे, आणि त्याचा उगम पाहून आम्ही स्वतःशीच हसलो. वंशवृक्ष खालून वर वाचीत जावा. संगणकावर अनेकांनी एका कल्पित जगात एकत्र वावरण्याचा खेळ इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये सुरू केला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढवला. त्यात चित्र नव्हते, केवळ अक्षरे होती. 'तू गुहेच्या तोंडाशी उभा आहेस' असे यंत्राने लिहावे आणि खेळणाऱ्याने 'आत जा' असे उत्तर द्यावे. त्यामागे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी छापलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ. चारपाच जण मेजाभोवती बसतात, एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या सोंगाच्या तोंडून बोलतात, आणि घाव लागला की चुकला हे फासा ठरवतो. हा खेळ निघाला बाहुल्यांच्या लुटुपुटूच्या लढायांतून; त्या लढाया निघाल्या प्रशियाच्या सैन्यातील अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या युद्धखेळातून; आणि त्या युद्धखेळाचे मूळ जर्मनीत बुद्धिबळाचा पट वाढवून केलेल्या प्रयोगांत आहे. बुद्धिबळाचे मूळ कोणते हे मराठी वाचकास सांगावयास नको. चतुरंगाचे हत्ती, घोडे, रथ व प्यादी इराणातून युरोपास गेली आणि दीड हजार वर्षांची प्रदक्षिणा घालून वाळपईच्या ओटीवर परत आली.

तथापि वंश सांगितला म्हणजे निकाल लागला असे नव्हे. आजोबा थोर होते म्हणून नातवाने काही केलेच नाही असे ठरत नाही. १९७८ च्या त्या अक्षरांच्या खेळात एक खरोखरीची नवी गोष्ट होती: आपण निघून गेलो तरी ते जग चालू राहत असे आणि त्यात दुसरी माणसे वावरत असत. १९९७ मध्ये निघालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'ने हीच गोष्ट हजारो लोकांपर्यंत नेली. त्या खेळाचा निर्माता स्वतः राजाचे सोंग घेऊन आपल्या प्रजेपुढे आला असता एका खेळाडूने अग्निमंत्र टाकून त्याला ठार केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. सूत्रधाराचाच वध! हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. पुढे काय होईल हे खेळणाऱ्यांच्या हाती असणे, ते निर्मात्यासही ठाऊक नसणे, हे त्या परंपरेचे अपत्य होय. त्याला आम्ही निःसंकोचपणे नवे म्हणू.

आता मौज पाहा. सर्वांत नवा म्हणून जो आमच्यापुढे ठेवला गेला, त्या 'गेन्शिन'मध्ये नेमकी हीच गोष्ट नाही. तेथे प्रत्येकाचे जग वेगळे. फार तर चार जण एकमेकांच्या जगात पाहुणे म्हणून जाऊ शकतात, आणि पाहुण्यांच्या देखत मुख्य कथा पुढे सरकत नाही. कथा आधीच रचलेली आहे. प्रवासी कितीही रेंगाळला, कितीही डोंगर चढला, तरी आख्यानाचा शेवट ठरल्याप्रमाणे होतो. कोणत्या पात्रांनिशी व कोणत्या डावपेचाने लढाई जिंकावी एवढेच स्वातंत्र्य. म्हणजे १९७८ व १९९७ साली खेळाने जी उडी मारली होती, तिच्या मागे येऊन हा खेळ उभा आहे. मागे येऊन तो जेथे उभा राहिला ती जागा आम्हांला फार ओळखीची वाटली.

पेडण्याच्या कोणत्याही देवळाच्या जत्रेत दशावतारी काला ज्याने पाहिला आहे त्याला ती लगेच ओळखता येईल. आधी गणपती, मग ऋद्धिसिद्धी, सरस्वती. संकासुर येतो, हसवतो आणि मारला जातो. मग मुख्य आख्यान. संवाद कोणी लिहून देत नाही. रंगभूषा करता करता नटांनी आपसांत प्रसंग ठरवावे आणि पेटीमृदंगाच्या साथीवर रात्रभर आपल्या जिभेच्या बळावर ते उभे करावे. आख्यानाचा शेवट मात्र सर्वांना ठाऊक. संकासुर आजवर एकदाही वाचलेला नाही, आणि वाचावा असे कोणाला वाटतही नाही. पहाटे दहीहंडी फुटते, पुढल्या वर्षी पुन्हा तेच. ठरलेली कथा, तिच्या आत मोकळा हात, आणि वर्षाच्या चक्राबरोबर तिचे परत येणे ही या कलेची घडण. 'गेन्शिन'ची घडणही हीच आहे. दर सहा आठवड्यांनी त्यात नवी भर पडते, आणि चिनी नववर्षाच्या सुमारास दरवर्षी कंदिलांचा उत्सव भरतो. एका राज्याच्या कथेत तर ज्ञानी म्हणवणाऱ्यांनी एकाच उत्सवाचा दिवस लोकांना पुन्हा पुन्हा जगावयास लावल्याचा प्रसंग आहे, आणि त्या फेऱ्याला तेथे 'संसार' असेच नाव आहे. ते राज्य २०२२ च्या ऑगस्टमध्ये खेळात आले. त्याचे नाव सुमेरू. त्यात गंधर्वांच्या नावाचे गाव आहे, अश्वत्थ आहे, आणि सर्वांचे ज्ञान एकत्र साठवणाऱ्या यंत्रणेचे नाव 'आकाश' आहे. इराणी व मिसरी धाग्यांत आपले धागे बेमालूम गुंफलेले दिसतात. यावर कोणी चोरीचा आरोप करील. आम्ही करणार नाही. चतुरंग ज्यांनी जगाला दिले त्यांनी चार नावांसाठी भांडू नये.

उसन्यातून नवे कसे होते याचा दाखला तर आपल्याच रंगभूमीच्या इतिहासात आहे. १८४२ च्या सुमारास कारवारकडील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिचे खेळ पाहून चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसेच, पण अधिक नीटस, काही करावयास सांगितले. त्यातून १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभे राहिले. गणपती तोच, सरस्वती तीच, पदे म्हणणारा सूत्रधार तोच, नटांनी ऐनवेळी बोलण्याची रीतही तीच. कर्कीच्या कोण्या भागवताने सांगलीच्या दरबारात आपला मृदंग फोडून निषेध केल्याचे मात्र ऐकिवात नाही. तरीही ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमीचा दिवस म्हणून आपण पाळतो, आणि ते योग्यच आहे. भाव्यांचे नावीन्य सोंगात नव्हते. १८५१ मध्ये आश्रयदाते वारल्यावर मंडळी घेऊन ते बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईस त्यांनी तिकीट लावून खेळ केले, तेथे ते होते. देवळाच्या व दरबाराच्या अंगणातील सोंग पैसे देणाऱ्या अनोळखी माणसापुढे आले. त्या एका तिकिटाने पुढची सारी मराठी रंगभूमी घडवली, आणि बिघडवलीही.

'गेन्शिन'चे नावीन्य आम्हांला असेच तिकिटाच्या खिडकीपाशी सापडले. खेळ फुकट आहे, परंतु हवे ते पात्र मिळणे नशिबावर. चिठ्ठी काढावी तसे काढावे लागते, आणि दुर्मिळ पात्र निघण्याचा संभव एका चिठ्ठीमागे हजारांत सहा. नव्वदाव्या चिठ्ठीपर्यंत एक दुर्मिळ पात्र खात्रीने निघते, तरी ते आपल्याला हवे तेच असेल असे नाही. चिठ्ठ्या खेळून मिळवता येतात किंवा विकत घेता येतात. ही युक्तीही मूळची त्यांची नव्हे. नाणे टाकले की डबीतून खेळणे पडते अशी जपानी दुकानांतली यंत्रे तिची जननी, आणि तिच्या एका अतिरेकी प्रकाराला जपानच्या ग्राहक खात्याने २०१२ मध्येच पायबंद घातला होता. पण एवढे विशाल, एवढे देखणे जग केवळ चिठ्ठ्यांच्या उत्पन्नावर उभे करणे व हातातल्या फोनवर आणून ठेवणे हे धाडस नवे होते, आणि ते यशस्वी झाले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीस २ कोटी डॉलर भरावे लागले, आणि सोळा वर्षांखालील मुलांना आईवडिलांच्या संमतीवाचून या चिठ्ठ्या विकण्याची मनाई झाली. धर्मराजाच्या द्यूताची कथा ज्या समाजात घरोघर ठाऊक आहे त्याला अधिक सांगणे नलगे.

एवढा विचार होईतो गाडी झर्म्याला पोचली होती. रणमाल्याला पडदा नसतो. मागे रांगेत उभे राहून जत गाणारे गावकरी हाच पडदा. पात्रे एकामागून एक त्यांच्यापुढे येतात आणि रामायण-महाभारतातले प्रसंग उभे राहतात. झर्मे, करंझोळ अशा गावांत शिगम्यात चोरोत्सवही होतो. पूर्वी कधी काळी गावात आलेल्या निरपराध माणसांना चोर समजून लोकांनी मारले, आणि चूक कळल्यावर त्याचे प्रायश्चित्त म्हणून हे सुरू झाले अशी आख्यायिका आहे. चोराचे सोंग घेतलेल्यांपैकी काहींना धडापर्यंत मातीत पुरतात व केवळ मस्तक वर राहते. काहींचे मस्तक मातीत आणि धड वर. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. सत्तरीत दुसरे सोंग घोडेमोडणीचे. कमरेला लाकडी घोडा, हाती उगारलेली तलवार, ढोलताशांच्या ठेक्यावर पुढे-मागे होणारी पावले. त्यात लोक राण्यांच्या पराक्रमाची आठवण पाहतात. १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी येथून जवळच्या नाणूसच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला, तो इतिहास तर लेखीच आहे. डिचोलीतल्या साळच्या गड्यांविषयी काय सांगावे! होळीच्या रात्री रानात दिसणाऱ्या देवचाराच्या मशालीमागे ते भारल्यासारखे धावत सुटतात, आणि ते सोंग घेतात की सोंग त्यांना घेते हे सांगणे कठीण होते.

येथे आम्हांला एक भेद स्पष्ट दिसला. खेळातला प्रवासी कोणाचेही देणे लागत नाही. त्याने सोंग टाकले तर कोणाचे काही अडत नाही. झर्म्याला मातीत उभा राहणारा माणूस आपण न केलेल्या, आपल्या पणज्यानेही कदाचित न पाहिलेल्या अपराधाचे ऋण फेडीत असतो, आणि त्याने नाही म्हटले तर ते ऋण गावाच्या माथी राहते. सोंग हे कर्तव्य असू शकते ही कल्पना १९७४ पासून आजवरच्या या सगळ्या खेळांत आम्हांला कोठेही आढळली नाही. दुसरा भेद मालकीचा. खेळातले पात्र कितीही पैसे भरून घेतले तरी ते खेळणाऱ्याचे होत नाही; करारनाम्याप्रमाणे त्याला फक्त वापरण्याची मुभा असते, आणि कंपनीने दुकान बंद केले की सातही राज्ये एका क्षणात मावळतील. रणमाल्याचा मालक कोण असे कोणी विचारले तर आमच्यासारख्या वकिलालाही उत्तर देणे जड जाईल, आणि ते उत्तर देता येत नाही म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले असेल.

मध्यरात्रीनंतर जत रंगात आली असता आम्ही आमचा हा निकाल भाचीस ऐकवला. खेळ देखणा आहे, कारागिरी अव्वल आहे, परंतु सोंग जुने, आख्यानाची घडण दशावताराची, नवी काय ती तिकिटाची खिडकी. तिने तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाली की, त्या खेळात युन जिन नावाची एक मुलगी आहे. ती एका नाटकमंडळीची प्रमुख, स्वतः नाटके लिहिते आणि रंगमंचावर गाते. २०२२ च्या जानेवारीत तिच्या एका पदाने जगभर धमाल उडवली, आणि ते पद शांघायच्या पेकिंग ऑपेरातल्या गायिकेने गायिले होते. हे ऐकून आम्हांस आनंदच झाला, कारण आमच्याच बाजूचा हा पुरावा: खेळातले सर्वांत गाजलेले गाणे जुन्या रंगभूमीचे निघाले. आम्ही तसे बोलून दाखवले.

"तशें न्हय, मामा," ती म्हणाली आणि समोर बोट दाखवले. समोर सीता उभी होती. मिशा काढलेला, निळ्या लुगड्यातला, पस्तिशीचा एक गावकरी. "हांगा म्हाका खंयचें सोंग मेळटलें?"

आम्ही उत्तर देण्यास तोंड उघडले आणि थांबलो. तळकोकणात अलीकडे स्त्रियांची दशावतारी मंडळे उभी राहिली आहेत, हे आम्ही सांगू शकत होतो, आणि सांगितलेही. पण ती मंडळे जत्रेत बोलावली जातात ती पाहुणी म्हणून. गावाच्या शिगम्यात कोणी कोणते सोंग घ्यावे, निशाण कोणी धरावे, पहिली काठी कोणाची, हे घराण्याच्या मानाने ठरते, आणि त्या मानावरून तंटे होऊन शिगमो बंद पडलेली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेली गावे आमच्या पेशातल्या माणसांना माहीत असतात. जी घराणी त्या यादीत नाहीत, त्यांच्या मुलग्यालाही तेथे जागा नाही. मग मुलीची गोष्ट दूरच. दूर देशातल्या त्या खेळात चिठ्ठी निघण्याचा संभव हजारांत सहा का होईना, पण चिठ्ठी काढणाऱ्याला कोणी कूळ विचारीत नाही. 'आधी काय ज्ञात होते' हे शोधताना आम्ही खेळाचे आजोबा-पणजोबा सारे हुडकले. सोंग घेणारा कोण, हे मात्र पाहावयाचे राहून गेले होते.

पहाट होईपर्यंत ती आमच्या शेजारी बसून होती. मोबाईल तिने पिशवीत ठेवला होता आणि जतीची ओळ मागल्या रांगेतल्या गाणाऱ्यांबरोबर हलक्या आवाजात म्हणत होती. ती तिला कोठून पाठ झाली होती, हे आम्ही विचारले नाही.